तार लावून मिळणार नाही

साताऱ्यातल्या माझ्या दुकानात आता मुलगा बसतो. मी सकाळी तास-दोन तास जातो, त्याच्या कामात नाक खुपसतो आणि जेवायच्या वेळेला घरी परततो. मोटरींच्या वाइंडिंगबरोबर हल्ली दुकानात गवत कापायची यंत्रंही दुरुस्तीला येतात. खांद्याला अडकवायचा लांब दांडा, खाली गरगर फिरणारी चकती आणि चकतीच्या भोकातून बाहेर आलेली प्लॅस्टिकची दोरी. उसाच्या बांधावरचं गवत काढायला आता ज्याच्या त्याच्याकडे हे यंत्र दिसतं. ही यंत्रं ठेवतो त्या कोपऱ्यात मी स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली आहे : ‘तार लावून मिळणार नाही. कारण विचारू नये.’

विचारू नये असं लिहिलं की लोक हमखास विचारतात. परवा रहिमतपूरकडचा एक तरुण बागायतदार आला होता.

“आण्णा, ह्ये तंगूस किती पुरायचं? दगडाला लागलं की झिजतंय. तुमी स्कूटरची क्लच वायर घाला की आत. लय दिवस टिकंल.”

मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीला आमच्याकडे तंगूस म्हणतात. यंत्रातली दोरी तशीच दिसते म्हणून तिलाही लोक तेच नाव देतात.

“नाही घालणार,” मी म्हणालो.

“का पर? यंत्र माझं, बांध माझा.”

“पायही तुमचेच. आणि तुमच्या मागं गवत गोळा करायला कोण असतं?”

“आई असती की.”

मग मी त्याला खुर्ची दिली, भिंतीवर टांगलेला पत्र्याचा डबा खाली काढून त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे. मुलगा म्हणतो, बाबा एकेका गिऱ्हाइकाला तासभर अडकवून ठेवतात. ठेवतो, त्याला माझा इलाज नाही.

वाइंडर म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. विजेच्या मोटरीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. झेपणार नाही इतका भार आला की ती तार तापते, तिच्यावरचा वार्निशचा थर जळतो आणि मोटर मरते. ती जळकी तार उपटायची, तितक्याच जाडीची नवी तार तितकेच वेढे घालून भरायची, वार्निशमध्ये बुडवून वाळवायची आणि मोटर पुन्हा जिवंत करायची, हे आमचं काम. मोटर कशानं मेली ते वासावरून आणि तारेच्या रंगावरून कळतं. गिऱ्हाईक मात्र नेहमी एकच सांगतं, की आपोआप बंद पडली. कोरेगावच्या एका पीठगिरणीवाल्यानं अशीच ‘आपोआप’ मेलेली मोटर आणली होती. तिच्या दांड्याला गुंडाळलेली गोणपाटाची हातभर लांब सुतळी मी सोडवून त्याच्या हातात दिली, तर तिच्याकडे त्यानं अशा नजरेनं पाहिलं, की जणू ती माझ्याच घरातून निघाली. असल्या माणसांशी चाळीस वर्षं गोड बोलून माझा स्वभाव बिघडला आहे.

आबा हवालदार मात्र कधी खोटं बोलले नाहीत. ते मूळचे कोरेगाव तालुक्यातले. फौजेतून हवालदार होऊन आले आणि पाचगणीच्या एका निवासी शाळेत देखभालीच्या कामावर लागले. पंप, नळ, दिवे, घंटा, सगळं त्यांच्याकडे. पासष्टच्या लढाईत तोफगोळ्याचा एक बारीक तुकडा त्यांच्या उजव्या मांडीत शिरला होता. काढायला गेलो तर पाय जाईल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तो तसाच राहिला. पाचगणीची थंडी सुरू झाली की बोलता बोलता ते मांडी चोळत.

माणूस हरहुन्नरी. मोडलेल्या वस्तूत मूळचा भाग मिळाला नाही तर ते त्याहून दणकट भाग घालत. शाळेतली इंग्रजांच्या काळातली एकही वस्तू त्यांनी मूळ रूपात ठेवली नव्हती, आणि त्यातली एकही बंद नव्हती. “इलायती माल नाजूक असतोय, आण्णा,” ते म्हणत. “आपन त्येला मर्द करायचा.” फौजेतून आलेल्या आमच्याकडच्या सगळ्याच मिस्त्र्यांना ही खोड होती. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

सत्तरच्या दशकाची अखेर असावी. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं इंग्लंडहून विजेवर चालणारी गवत कापायची दोन यंत्रं भेट पाठवली. असलं काही आमच्या मुलखात तोपर्यंत कुणी पाहिलं नव्हतं. पातं नाही, चाक नाही, नुसती दोरी फिरते आणि गवत आडवं होतं, हे सांगूनही कुणाला पटत नसे. पाचगणीच्या पावसात माजलेलं गवत आणि जागोजाग डोकं वर काढणारे दगड यांनी सोबत आलेली दोरी एका हंगामात संपवली. नवी दोरी यायची तीही इंग्लंडहूनच. इकडे दिवाळीनंतरच्या क्रीडादिनाची तयारी सुरू झाली होती. मुंबईहून पालक येणार होते.

एके दिवशी आबा जुन्या चादरीत गुंडाळून त्यातलं एक यंत्र माझ्याकडे घेऊन आले. मोटर जळली होती.

“मोटर तुमी बगा. पर आदी ही वायर बगा की,” ते म्हणाले. “स्कूटरची क्लच वायर. दोरीच्या जाडीचीच. भोकात कशी फिट्ट बसली! आता इंग्लंडची वाट बगायला नगो.”

“आणि दुसरं यंत्र?”

“त्येच्यातबी हीच घातलीय. सोपान चालवतोय तिकडं.”

सोपान शाळेचा माळी. त्याला आणि त्याची बायको हिराबाई हिला मी ओळखत होतो. शाळेचे पंप बसवायला गेलो की तिच्या हातची भाकरी खायचो. आबा त्याच दिवशी परत गेले. मी मोटर खोलली. वेटोळी एका बाजूला नाही, सगळीकडून सारखी काळी पडली होती. म्हणजे मोटर बराच वेळ ताकदीबाहेर ओढत होती. नाजूक दोरीसाठी बनवलेल्या मोटरीला जड तार फिरवायला लावली, तर दुसरं काय होणार? पण हे आबांना भेटल्यावर सांगता येईल, असं म्हणून मी कामाला लागलो.

मोटर तयार झाली ती क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी सकाळी. दुकानाच्या मागं आमचं घर आणि मध्ये छोटं अंगण होतं. अंगणात धुण्याचा दगड, कडेला थोडं गवत, आणि भिंतीशी पाण्याचा पत्र्याचा डबा. यंत्र जसं आलं होतं तसंच, तारेसकट, मी तिथं चालवून बघितलं. तारेनं शीळ घातल्यासारखा आवाज केला. गवत तर असं उडालं की मी खूशच झालो. आबांना मनातल्या मनात शाबासकी दिली आणि चकती धुण्याच्या दगडाच्या कडेनं फिरवली. टण्‌ असा आवाज आला, एक ठिणगी उडाली आणि यंत्र हातात थरथरायला लागलं. मी बटण सोडलं. एका बाजूची तार बोटभर तुटली होती. तुकडा जवळच पडला असेल म्हणून मी खाली बसून शोधू लागलो.

माझी बायको सुमन बादली घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. चकती फिरत होती तेव्हा ती आतच होती. ती डब्यापाशी थांबली.

“अहो, डबा गळतोय. सकाळी तर धड होता.”

डब्याच्या मधोमध एक भोक होतं आणि त्यातून पाण्याची बारीक धार लागली होती. मी डबा उचलून पाणी ओतून टाकलं. शेवटच्या पाण्याबरोबर आत काहीतरी खुळखुळलं. हात घालून काढलं तर तारेचा बोटभर तुकडा. एका टोकाला तिचे धागे पिंजून सुयांसारखे झाले होते.

सुमन माझ्या तोंडाकडे बघत होती. “मी आत्ता इथं उभी असते तर?” ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांपुढे सुमनच्या आधी हिराबाई आली. सोपान गवत कापी आणि ती त्याच्या मागोमाग ते गोळा करी, आपल्या म्हशीला घालायला. शाळेनंच तशी मुभा दिली होती. अंगणात माझ्या हातून तार एकदाच दगडावर आपटली होती. पाचगणीत दुसरं यंत्र दगडांनी भरलेल्या मैदानावर सकाळपासून चालू असणार, आणि त्याच्यामागं ती बाई वाकलेली असणार.

समोरच्या किराणा दुकानातून पाचगणीला फोन लावायचा प्रयत्न केला. ऑपरेटर म्हणाली, वाईच्या पुढची लाइन बंद आहे. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी पायांत चपला सरकवल्या, तुकडा त्या डब्यात टाकला, डबा काखेत मारला आणि स्टँडवर पळालो. डबा कशाला, तर आबांना तोंडानं सांगून पटणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

वाईला एसटी बदलली. दुसरी गाडी गच्च भरलेली. एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं सरकून मला अर्धी जागा दिली आणि डब्याकडे बराच वेळ पाहिलं.

“पावनं, डब्याला भोक हाय.”

“हो.”

“झाळायला न्हेताय व्हय?”

“नाही.”

“मग रिकामा फुटका डबा पाचगनीला कशापायी न्हेताय?”

“दाखवायला.”

म्हातारा थोडा लांब सरकून बसला. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी गाडी कुठं थांबली की माझा जीव वरखाली होत होता.

पसरणीच्या घाटात गाडी चढत असताना मला सगळं नीट दिसायला लागलं. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायची गोफण ज्यांनी फिरवली असेल, त्यांना हे चटकन कळेल. गोफणीची दोरी एरवी लुळी असते, पण जोरात फिरवली की काठीसारखी ताठ होते. यंत्रातल्या दोरीचंही तेच. तिला कापण्याचं बळ वेगातून मिळतं, त्यासाठी ती कठीण असायची गरजच नाही. उलट ती मऊ असण्यातच शहाणपण आहे. दगड आला की ती वाकते, थोडी झिजते आणि पुढं जाते. टोक तुटलंच तर हलका, वळवळता तुकडा, हवेतच त्याचा जोर मरतो.

तार वाकते, पण रोज एकाच जागी वाकली की तुटते. स्कूटरवाल्यांना विचारा, क्लच वायर नेहमी मुठीजवळच्या वळणावरच तुटते. या यंत्रात तर चकतीच्या भोकापाशी तार दर फेऱ्याला वाकणार, क्षणात कितीतरी वेळा. ती तुटणार हे ठरलेलं. आणि तुटली की गोफणीतून दगड सुटावा तशी सुटणार. सरळ, जड, टोकदार. कुठल्या दिशेला, ते देवाला माहीत. त्यात वाळलेल्या गवतात ठिणगी उडाली तर आग वेगळीच. त्या इंग्लंडच्या कारखानदारानं कंजूषपणा करून प्लॅस्टिक घातलं नव्हतं. त्यानं पूर्ण विचार करून ते कच्चं ठेवलं होतं, म्हणजे वेळ आली तर दोरीनं तुटावं आणि माणूस शाबूत राहावा.

आणि आबांनी त्याला मर्द केलं होतं.

घाटात अर्ध्या वाटेवर एक ट्रक आडवा बंद पडला होता. दोन्हीकडे गाड्या तुंबल्या होत्या. आमचा ड्रायव्हर बिडी पेटवून खाली उतरला. मीही उतरलो आणि डबा घेऊन चढण चढायला लागलो. ट्रकच्या पलीकडे वरून आलेली एक दुधाची जीप कंटाळून मागं वळत होती. तिच्या चालकाला हात जोडले. त्यानं माझ्या हातातला डबा बघून दूधवालाच समजलं असावं, काही न विचारता मागं बसवलं.

शाळेच्या फाटकातच शीळ ऐकू आली. तीच, सकाळी माझ्या अंगणात ऐकलेली. म्हणजे यंत्र चालू होतं. मैदानाच्या दूरच्या टोकाला मुलांचं बँडपथक सराव करत होतं. अलीकडच्या कडेला सिल्व्हर ओकच्या रांगेखाली सोपान यंत्र फिरवत होता. गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, उघड्या पोटऱ्या, पायांत फाटक्या चपला. त्याच्या मागं पाच-सहा पावलांवर हिराबाई, डोक्यावर गवताचा भारा, एका हातानं भारा सावरत दुसऱ्या हातानं राहिलेली पेंढी उचलत होती. आबा कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत उभे होते.

मी ओरडलो. ढोल, बिगूल आणि मोटर यांच्यात माझा आवाज कुणाच्या कानावर जाणार? मी हात हलवले. आबांनी मला पाहिलं आणि तेही हसून हात हलवायला लागले. पळत सोपानपर्यंत जावं तर मधलं सगळं अंतर त्या चकतीच्या समोर होतं. तेवढ्यात गवतातून पसरलेली काळी केबल नजरेला पडली. ती मैदानाकडेच्या खोलीत गेली होती. आयुष्य विजेत घालवलेल्या माणसाला एवढं तरी सुचायलाच हवं. मी खोलीत धावलो आणि प्लग ओढून काढला.

शीळ थांबली. मी भिंतीला टेकून धापा टाकत उभा राहिलो. बाहेरून आबांचा आवाज आला.

“कुनी काढला रं प्लग? हात मोडले का काय कुनाचे?”

मी डबा घेऊन बाहेर आलो. “मी काढला. आबा, ती तार आत्ताच्या आत्ता काढा.”

“आण्णा, उद्या सकाळी पावनं यायचंत. निम्मं मैदान राहिलंय. तार काय खाती तुमास्नी?”

मी डबा त्यांच्यापुढं धरून खुळखुळवला, आतला तुकडा काढून त्यांच्या हातात दिला आणि सकाळी काय झालं ते सांगितलं. त्यांनी भोकाला बोट लावलं.

“डबा जुना आसंल. गंजका पत्रा.”

“या वर्षी घेतलाय.”

“मग तुमी दगडावर घातली आसंल वायर. चालवायची रीत आसती येक. सकाळपास्नं सोपान चालवतोय, काय झालं का त्येला? का रं सोपान?”

सोपान मान खाली घालून म्हणाला, “तुटती मातुर लय, आबा. तुमीच तीन बारीला नवी घालून दिलीसा.”

“आणि तुटलेले तुकडे?” मी विचारलं.

“पडलं आसतील गवतात.”

आबांचा चेहरा उतरला नव्हता, उलट लाल झाला होता. शाळेच्या माळ्यासमोर कुणी त्यांचं काम खोटं ठरवतंय, हे त्यांना सोसत नव्हतं. बँड थांबला होता आणि मुलं इकडं बघत होती. हिराबाई वैतागून जवळ आली. भारा अजून तिच्या डोक्यावरच होता.

“आवं आण्णा, भांडान मागनं करा की. माझी म्हस दारात वरडत आसंल. प्लग लावा आन्‌ हुंद्या काम.”

ती माझ्याकडे वळली तेव्हा ऊन भाऱ्यावर पडलं आणि गवतात काहीतरी चमकलं. तिच्या कानशिलाच्या वर चार बोटं, भारा बांधलेल्या दोरीच्या खाली. मी पुढं झालो.

“हिराबाई, हलू नका.”

“का वं? इच्चू हाय का काय?”

“हलू नका म्हटलं ना.”

गवताबाहेर नखाएवढं टोक दिसत होतं, बाकीची तार आत रुतली होती. चिमटीत धरून ओढली तर सहज आली नाही, जोर लावावा लागला. बोटभर लांब, डब्यातल्या तुकड्याची सख्खी बहीण. भारा डोक्यावर नसता किंवा ती त्या वेळी पेंढी उचलायला वाकलेली नसती, तर ती तार कुठं शिरली असती, हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही. सोपाननं यंत्र खाली ठेवलं.

हिराबाईनं भारा खाली टाकला आणि तारेकडे पाहिलं. “आगं बया! म्हशीच्या पोटात गेली आसती की ही! आमच्या जावंची गाय अशीच तारंनं गेली.” स्वतःच्या डोक्याचा विचार तिच्या मनात आलाच नाही. भारा सोडून ती एकेक मूठ झटकून बघायला लागली.

आबांनी तो तुकडा माझ्या हातून घेतला. तळहातावर ठेवून बराच वेळ बघितला. दुसरा हात आपसूक मांडीवर गेला. मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, हसताना पाहिलं होतं, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता.

“आण्णा,” ते हळू आवाजात म्हणाले, “ह्यो तसलाच हाय. माझ्या मांडीत हाय न्हवं, तसलाच. त्यो दुश्मनानं मारला हुता. आन्‌ ह्यो म्या मारला. माझ्याच मानसावर.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही, एवढंच.

तोवर शाळेच्या मुख्याध्यापिका बाई तिथं आल्या होत्या. आबा ताठ उभे राहिले, सलाम केला आणि जे घडलं ते एका दमात सांगितलं. “चूक माझी हाय, म्याडम. सोपानची न्हाई, यंत्राची बी न्हाई.” बाई शहाण्या होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की मैदानात अजून किती तुकडे आहेत. उद्या त्याच गवतावर मुलं अनवाणी धावणार होती.

आबांनी खिशातून तुटक्या तारांची थोटकं काढली, नव्या तारेशेजारी लावून पाहिली आणि म्हणाले, “तीन हुते. येक भाऱ्यात घावला. दोन हायत.”

बाईंनी धावण्याच्या शर्यती टेकडीकडच्या लहान मैदानावर हलवल्या आणि या मैदानावर कुणी पाय ठेवायचा नाही असं सांगितलं. आबांनी शाळेच्या फुटक्या कर्ण्यातलं गोल लोहचुंबक काढलं, काठीला बांधलं आणि आम्ही तिघं गवतातून ते फिरवत राहिलो. त्या फेऱ्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. जिथं जिथं यंत्र झाडाजवळून गेलं होतं, तिथं सिल्व्हर ओकची साल बुंध्याभोवती गोल कापली गेली होती. नायलॉननं त्या जाड सालीवर फार तर ओरखडे काढले असते. त्यातली काही झाडं पुढच्या वर्षी वाळली. सूर्य मावळायच्या आत एक तुकडा कुंपणाशी चुंबकाला चिकटला. तिसरा सापडला नाही.

पुढची गंमत माझ्या घरची आहे. ही दोरी आपल्याकडे कुठं मिळेल याचा विचार करताना मला आमच्या सांगलीतला कृष्णेचा काठ आठवला. तिथं भोई गळाला जी दोरी लावतात, ती म्हणजे नायलॉनच. मी जैनाच्या घरातला. आमच्याकडे कांदासुद्धा जपून बोलायचा विषय. सुट्टीला गावी गेलो तेव्हा नदीवर जाऊन एका भोयाकडून सगळ्यात जाड तंगुसाचं बंडल घेतलं. आईनं पिशवीत हात घातला आणि बंडलाबरोबर चुकून आलेला गळच बाहेर काढला. जन्म दिलेल्या मुलाकडे कुणी असं बघत नाही.

“आई, गवत कापायला आहे गं.”

“गळानं?” एवढंच विचारून तिनं पिशवी अंगणात ठेवली, आणि मी परत निघेपर्यंत ती अंगणातच राहिली.

ते तंगूस आणि तो भोकाचा डबा घेऊन पाचगणीला गेलो. आबा यंत्राला हात लावायला तयार नव्हते. शेवटी मी तोच डबा मैदानात दगडावर ठेवला, चकतीत तंगूस भरलं आणि सरळ डब्यावर घातलं. खडखडाट झाला. डब्याला पांढरे ओरखडे उठले, भोक पडलं नाही. दोरीचं टोक पिंजून केसांसारखं झालं होतं. आबांनी ते टोक बोटांनी चोळून पाहिलं.

“झिजलं,” ते म्हणाले.

“झिजायलाच हवं, आबा.”

“व्हय. आता कळलं.” बऱ्याच दिवसांनी ते थोडं हसले.

यंत्रं तंगुसावर पुढं बरीच वर्षं चालली. पण त्या दिवसानंतर आबांनी कुठल्याही वस्तूत स्वतःच्या डोक्यानं बदल केला नाही. नळाची चकती बदलायची तरी मला निरोप यायचा, की आण्णांना विचारा, मूळची कुठं मिळते. मला त्याचं वाईट वाटतं. त्यांच्या हातात खरंच जादू होती, आणि एका तारेनं ती घेतली. दर वर्षी क्रीडादिनाच्या आधी मात्र ते काठीला बांधलेलं चुंबक घेऊन सगळं मैदान चालून काढायचे. मी एकदा म्हणालो, “आबा, तो तिसरा तुकडा पावसानं केव्हाच जमिनीत खाली गेला असेल.”

“आसंल,” ते म्हणाले. “पर लेकरं अनवानी पळत्यात, आण्णा. मांडीतला हाय त्यो मला येकट्याला. मैदानातला कुनाला बी हाय.”

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. आबा त्यांच्या गावी वारले. सावडायच्या दिवशी मी गेलो. सोपानही आला होता, पाठीतून वाकलेला. राखेवर पाणी शिंपडलं, घरची माणसं अस्थी वेचायला बसली. सोपान कडेला उकिडवा बसून राख हातानं चाळत होता. तो एकदम थांबला आणि त्यानं मान वर केली.

“आण्णा, घावला.”

क्षणभर मला पाचगणीचं मैदान दिसलं. मग त्यानं माझ्या हातावर तो ठेवला. बोटाच्या पेराहून लहान, काळा, वाकडा लोखंडाचा तुकडा. अजून गरम होता. सोपान रडत होता आणि मीही.

हे ऐकून रहिमतपूरचा तो तरुण मांडीवरच्या डब्याच्या भोकात बोट फिरवत बसला होता. मग त्यानं डबा मला परत दिला, तंगुसाचं एक बंडल घेतलं आणि जाताना दारात थांबून विचारलं, “मग पाचगनीचा त्यो तिसरा?”

तो अजून तिथंच आहे.